पुढचे दोन खूर

चाकं चार, सीटा दोन, दारं शून्य. पुढे डिस्क दोन, मागे ड्रम दोन. ब्रेक पॅड चार, त्यांतल्या डाव्या चाकाच्या आतल्या पॅडचा कोपऱ्यातला टवका उडालेला. पुढच्या दोन्ही रिमांवर बोट फिरवलं की बोट भरेल इतकी धूळ, आणि ती तांबडी. मागच्या रिमांवर नुसती मातीची पांढुरकी धूळ. वर्षानं हे सगळं वहीत उतरवलं, तारीख टाकली आणि खाली लिहिलं, ‘नोंदीचा रविवार सहावा. मागच्या रविवारी चारही चाकं ओल्या फडक्यानं पुसली होती.’

गाडी तिच्या थोरल्या भावानं, प्रेमनं बनवली होती. भंगारातल्या मोटारीचं इंजिन, लोखंडी पाइपांचा सांगाडा आणि वर फायबरचं पातळ कवच. उमरखेडच्या धम्मरत्नच्या गॅरेजात दोघा दोस्तांनी दोन वर्षं खपून ती जोडली. सोयाबीनच्या काट्यावर चढवून तोलली तेव्हा पाचशे बारा किलो भरली. गेल्या वर्षीच्या दसऱ्याला दुपारी प्रेम तिच्यातून फुलसावंगीला मित्रांना सोनं द्यायला निघाला आणि तांड्यापासून तीन किलोमीटरवरच्या रपट्यावरून, म्हणजे बिनकठड्याच्या बुटक्या पुलावरून, नाल्यात गेला. गाडीचा सांगाडा थोडा वाकला. प्रेम जागीच गेला. चोवीस वर्षांचा होता.

धम्मरत्ननं सांगाडा सरळ करून गाडी तांड्यात आणून दिली. तेव्हापासून ती घराशेजारी टिनाच्या शेडखाली उभी होती. पुसदच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली वर्षा दर रविवारी ती सुरू करायची, तांड्याच्या टोकापर्यंत न्यायची आणि परत आणायची. बॅटरी बसू नये एवढाच हेतू. पण टोकाला वळताना ब्रेक दाबला की गाडी किंचाळायची. बारीक सुरू होणारा, वर वर चढत जाणारा आवाज. वर्षानं फोनवर मोजला, तेवीसशे हर्ट्झच्या आसपास. आकडा लिहून ठेवल्यानं काही फरक पडला नाही. आठवडाभर घरात कुकरची शिटी सुरू व्हायच्या बेतात आली तरी तिचे खांदे ताठ व्हायचे.

तांड्यातली पोरं रविवारी सकाळी वेशीपाशी जमेनाशी झाली. म्हातारी मानीबाई मात्र ओट्यावरून हलायची नाही. म्हणायची, “प्रेम्या हाय तो. त्याले उतरायचं हाय गाडीतून. तुम्ही उतरू देत नाय.”

“गंज हाय तो, मानीबाई. उभ्या गाडीच्या डिस्कले गंज चढते.”

“मंग दर आठवड्याले नवा कुठून येते वं?”

गंज दोन-चारदा ब्रेक दाबला की घासून जातो. पॅडची झीज काळी असते. ही धूळ नारिंगीकडे झुकणारी, आणि पुसली की आठ दिवसांत परत हजर. शेडला कुलूप नव्हतं, पण कुणी तिकडे फिरकत नव्हतं. एकदा तिच्याही मनात आलं की आपण निघून गेल्यावर गाडी एकटीच कुठंतरी जाऊन येते. तिनं किलोमीटरचा आकडा लिहून ठेवला. आकडा बदलला नाही, धूळ मात्र आली.

त्या सहाव्या रविवारी तिनं धूळ कोऱ्या कागदावर झटकली आणि खालून लोहचुंबक फिरवलं. काळे कण उठून उभे राहिले, चुंबकामागे धावले. तांबडे जागेवरच. थोड्या वेळानं कागद उजेडात धरला तर त्या तांबड्याभोवती पारदर्शक कडं उमटलं होतं. तेल. तिनं नाक जवळ नेलं. तिळाचं.

मंगळवारी, तेल-शेंदराच्या वारी, पहाट फुटताना ती शेडच्या पलीकडच्या तुरीत जाऊन बसली. थंडी मी म्हणत होती. पूर्वेला तांबडं फुटलं आणि घरातून तिची याडी, म्हणजे आई, जमनाबाई, वाटी घेऊन बाहेर आली. गाडीपुढे बसली. अलॉय चाकाच्या दोन पात्यांमधून बोटं आत घातली आणि आतल्या चकचकीत डिस्कवरून दोनदा फिरवली.

“याडी, काय करून राह्यली?”

जमनाबाई दचकली नाही. “दिसत नाय का? खूर माखून राह्यली.”

“कशाचे खूर?”

“तुह्या बापाच्या आज्याची लदेणी होती. दोनशे बैल मीठ घेऊन चालत. पुढच्या बैलाच्या चारी खुरांले तेल-शेंदूर लागल्याबिगर आमच्या घरचा तांडा हालत नव्हता. आता बैल हाय का? मंग म्या प्रेमलेच इचारलं, तुह्या गाडीचा खूर कोणता? हसला. म्हणे, याडी, हे गोल चकचकीत हाय ना, याच्यानंच गाडी थांबते, यालेच खूर समज.” तिनं वाटी खाली ठेवली. “दसऱ्याले पुढचे दोन माखले. मागं गेली तं चकचकीत काई दिसेच ना, नुसतं काळं डबडं. म्या शोधूस्तोवर तो बसला, गाडी चालू बी केली. मागचे दोन राह्यले. अर्धं माखलेलं जनावर रस्त्याले लावलं म्या. आजबी मागचे मले सापडत नाय. पुढचे तरी चुकू देत नाय, दर मंगळवारी.”

वर्षा तिच्याशेजारी बसली. थांबताना गाडीचा बराच भार पुढे येतो, थांबवण्याचं मोठं काम पुढचीच चाकं करतात, हे तिला पाठ होतं. तिनं याडीची बोटं आपल्या ओढणीला पुसली.

धम्मरत्नला तिनं फोनवर इतकंच सांगितलं की ब्रेक लई ओरडतात, साफ करून दे. तो दुसऱ्या दिवशी आला, चाकं काढली, पॅड हातात घेतले आणि हुंगले.

“वर्षाताई, ब्रेक हाय का भजे तळाची कढई? पॅड तेल पेले बाप्पा! आन् वरून हा शेंदूर. काच झाली पाह्य याची. असा ब्रेक दाबला तं गाडी थांबत नाय, नुसती बोंबलते.”

“हळू बोल.”

“काहून? कोणी मुद्दाम लावलं का? ज्यानं लावलं त्याले...”

मागे जमनाबाई चहा घेऊन उभी होती. कपबशी तिनं नीट ओट्यावर ठेवली, जराही न हिंदकळवता.

“त्याले काय, धम्मा?”

“काई नाय, मावशी. असंच.”

“दसऱ्याले बी होतं हे. तू गाडी सरळ केली तवा पाह्यलं नाय?”

धम्मरत्ननं पॅड खाली ठेवला. “नाल्याच्या पाण्यात होती गाडी. आन् खरं सांगू मावशी, तवा मले तिच्या चाकाकडं पाहवलंच नाय. पाइप सरळ केले, आणून सोडली.”

“तेलानं किती पुढं जाते?”

“तसं नाय सांगता येत.”

“हिले येते.” जमनाबाई वर्षाकडे वळली. “शिकली ना तू? तुमच्यात मोजतात ना सगळं? मोज.”

“कायले याडी? त्याच्यानं काय होईन?”

“चौदा महिने झाले, मागचे दोन राह्यले म्हणून जळून राह्यली मी. पुढच्यानंच झालं असन, तं तेच जळायचं. चुकीचं कायले जळू?”

वर्षाकडे दोन आकडे आधीच होते. पहिला प्रेमच्या फोनमधला. त्या दुपारी फोन गाडीच्या वेगाची नोंद घेत होता आणि रपट्याआधीचा शेवटचा स्थिर वेग ताशी बावन्न होता. दुसरा तिनं स्वतः मोजलेला. शेळ्या चारणारा भावसिंग पोलिसांना आणि सगळ्यांना एकच सांगायचा की गाडी रस्त्याकडेच्या बाभळीपासून रडायला लागली आणि रपट्यापर्यंत रडतच गेली. म्हणजे प्रेमनं ब्रेक बाभळीपाशी दाबला होता. बाभळीपासून रपट्याची कड सत्तावीस मीटर. सत्तावीसच्या आत गाडी थांबली असती तर प्रेम घरी आला असता. हे दोन्ही आकडे तिनं याडीला सांगितले. सांगताना तिचा आवाज वर्गात उत्तर देताना व्हायचा तसा सपाट झाला.

गुरुवारी सकाळी तिघं त्याच रस्त्याच्या अलीकडच्या सपाट तुकड्यावर गेले. धम्मरत्ननं जुनेच पॅड पॉलिश पेपरवर घासून, पेट्रोलनं धुऊन, वाळवून परत बसवले होते, डिस्कही पुसून घेतल्या होत्या. वर्षानं रस्त्यावर चुन्याची रेघ मारली. रेघेवर पुढचं चाक आलं की ब्रेक. धम्मरत्ननं हेल्मेट घातलं.

“बावन्न,” वर्षा म्हणाली. “एक बी जास्त नको.”

“फिजिक्सवाली, तू मीटर पाहू नको, माहा हात पाह्य.”

तीन फेऱ्या झाल्या. सोळा मीटर वीस. सोळा सत्तर. सोळा चाळीस. तिन्ही वेळा गाडी मुकाट थांबली. आवाज नाही, धूळ नाही. जमनाबाईनं पदराखालून वाटी काढली.

“दसऱ्याले जेवढं लावलं तेवढंच लावीन. दोन बोटं, दोन डाव.”

तिनं दोन्ही डिस्क माखल्या.

“तीन डाव घ्या लागते, याडी. एका आकड्यावर भरवसा नाय ठेवत.”

“एकच डाव झालता तवा. एकच घे.”

पन्नास मीटरचा टेप होता. वर्षानं डबीकडचं टोक आपल्याकडे घेतलं. वाचायचं टोक आपल्या हातात असलं म्हणजे आकडा काय सांगायचा ते आपल्या हातात, हे तिनं सकाळपासून ठरवून ठेवलं होतं. जमनाबाईनं हात पुढे केला.

“ते मले दे. तू रेघेवर बस, आकडी धर.”

“तुले नाय दिसणार, लई बारीक हायत.”

“बारा वर्सं कापसाच्या काट्यावर आकडे वाचले म्या. व्यापाऱ्याले ग्रॅमची चोरी करू देल्ली नाय. आन् तू खोटं बोलली का नाक ओढते, लहानपणापासून.”

वर्षानं डबी तिच्या हातात दिली आणि रेघेवर उकिडवी बसली. दूर वळणावर इंजिन सुरू झालं. गाडी आली, रेघेला टेकली आणि किंचाळली. आवाज तिच्या कानाशेजारून गेला, तसाच पुढे पुढे जात राहिला, दोन्ही बाजूंच्या कपाशीतून पाखरं उठली, आणि मग कधीतरी थांबला. धम्मरत्न उतरला नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तसाच बसला.

जमनाबाई टेप उलगडत चालत गेली. पुढच्या चाकापाशी पोचली. खाली बसली, टेप रस्त्याला टेकवून ताणला, वर्षाच्या बोटांना ओढ जाणवली. जमनाबाईनं वाकून डोळे बारीक केले, आकड्यावर अंगठा ठेवला, पुन्हा एकदा पाहिलं.

“एकतीस मीटर,” तिनं ओरडून सांगितलं. “वर चाळीस.”