एकाच बाटलीचं पाणी

माझ्या धाकट्या बहिणीनं साठीत दुसरं लग्न केलं, त्या वर्षी आमच्या सुनेच्या रक्तात एचआयव्ही निघाला. मुलाच्या रक्तात काही नव्हतं. तो अंथरूण उचलून बाहेरच्या खोलीत गेला.

"आई, विचार तिला, कुठून आणलं?"

"तूच विचार. तोंडाला कुलूप लागलंय का?"

आतून सून म्हणाली, "विचारू नका, तपासा." आणि बॅग भरून माहेरी गेली.

वर्षापूर्वी तिनं रक्तदान केलं तेव्हा रक्त चांगलं होतं. मधे सुई टोचली ती एकदाच, मूतखड्याच्या स्कॅनला. तिनं आरोग्य खात्याकडे तक्रार केली. तपासायला एक चष्मेवाली डॉक्टर आली. तिनं स्कॅन केंद्रातल्या नर्सला काम करून दाखवायला सांगितलं. नर्सनं बिनधास्त दाखवलं. रुग्णाच्या हाताला लावलेल्या नळीत सिरिंजनं सलाईन सोडायचं, सुई टाकून नवी लावायची आणि त्याच सिरिंजनं पुढच्यासाठी मोठ्या बाटलीतून पुन्हा भरायचं.

"सुई प्रत्येकाला नवी, बाई!" नर्स म्हणाली.

सिरिंज मात्र तीच. नळीतलं रक्त तिच्यात यायचं, तिथून बाटलीत जायचं.

त्या दिवशी सुनेच्या आधी एक जुना एचआयव्हीचा रुग्ण होता. चष्मेवालीनं त्याचा, सुनेचा आणि गावातल्या इतर बाधितांचा विषाणू प्रयोगशाळेत ताडून पाहिला. मग आमच्या घरी येऊन तिनं समजावलं, "विषाणू माणसागणिक बदलत जातो. नुकताच एकाकडून दुसऱ्याकडे गेला असेल तर दोन्ही सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. तुमच्या सुनेचा आणि त्या रुग्णाचा तसा आहे. बाकीच्यांचे लांबचे."

मुलाचा चेहरा उतरला. "म्हणजे त्या माणसाशी हिचं..."

"थांबा. विषाणू कोणत्या वाटेनं गेला, हे एवढ्यावरून कळत नाही. म्हणून सुनेच्या मागून ज्यांना त्या बाटलीतलं सलाईन गेलं, त्यांनाही तपासलं. एक आजोबा निघाले, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांचाही विषाणू तोच."

मी मुलाला म्हटलं, "बोल, आता आजोबांचंही लफडं काढतोस?"

तो दुसऱ्याच दिवशी सुनेच्या माहेरी गेला. सुनेनं त्याला चहा दिला, पण ती आली नाही. "प्रयोगशाळेनं सांगितलं म्हणून आलात," एवढंच म्हणाली. तो दर रविवारी जात राहिला. उन्हाळ्यात ती आली, तेव्हा अंथरूण त्यानंच आत नेलं.

दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्यांच्या रांगेत त्या आजोबांशी तिची ओळख झाली. ते निवृत्त मास्तर होते. त्याच वर्षी डिसेंबरात मास्तर न्यूमोनियानं वारले.