कडेला धूर दिसू लागेपर्यंत

भाचीचं पत्र येऊन तीन महिने होऊन गेले होते. बुवांनी ते शब्दकोशात 'ऋ'च्या पानात ठेवलं होतं, कारण त्या पानाकडे सहसा कुणी फिरकत नाही. पण ठेवलंय कुठे हे ठेवणाऱ्याला ठाऊक असलं की लपवण्यात काही अर्थ उरत नाही. रोज कुठला ना कुठला शब्द बघायला कोश उघडला जाई, आणि बोटं आपोआप त्या जाड झालेल्या पानाशी अडखळत.

पत्रात अवघड असं काही नव्हतं. विमा कचेरीतली नोकरी सोडून भाची गोड पदार्थ करायला शिकली होती. शेजारीण बुवांच्या गावाला निघाली तेव्हा तिच्या हाती तिने खोकं पाठवलं. त्यात जाळलेल्या साखरेचा टार्ट होता आणि सोबत हे पत्र नि कृतीचं पान.

"मामा, आई म्हणते छान. मैत्रिणी म्हणतात एक नंबर. ज्या कॅफेत मला काम मिळतंय तिथली मालकीण म्हणते, कडू लागतो, साखर कमी जाळ. तू उगाच गोडगोड बोलणार नाहीस. हे पान प्रूफ समज आणि लाल शाईने तपासून पाठव. तुझ्या खुणा मला अजून येतात."

येणारच. लहानपणी सुट्टीला आली की ती मामाच्या टेबलाशी बसून त्या गिरवायची. मामाचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता. वाकून वाकून मानेला कायमचा बाक आला, म्हणून मित्र त्यांना 'वेलांटी' म्हणत आणि बाकीचे 'बुवा'.

बुवांनी टार्ट खाल्ला, लाल पेन उचललं आणि एक ओळ खोडली: 'साखर वितळल्यावर लगेच उतरवू नये, कडेला धूर दिसू लागेपर्यंत थांबावे.' खोडली आणि मन खायला लागलं. दुसऱ्याची वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ हे सांगणं निराळं आणि पोरीच्या साखरेत नाक खुपसणं निराळं. आपण कोण लागून गेलो? उद्या विचार करून पाठवू, असं म्हणून पान कोशात गेलं आणि तिथेच राहिलं.

त्या गुरुवारी सकाळी अक्काचा, म्हणजे भाचीच्या आईचा, फोन आला.

"अरे, पोरगी रोज विचारते, मामाचं काही आलं का. आता म्हणते, मामाला आवडलं नसणार, उगाच कशाला त्याला छळू. ती साखर कमी जाळणार आहे. सोमवारी मेनूकार्ड छापायला जातंय."

"बरं," बुवा म्हणाले.

"बरं काय? काही बोलशील की नाही?"

"बोलतो. म्हणजे, लिहितो."

"तुझं लिहिणं म्हणजे वरातीमागून घोडं," म्हणून अक्काने फोन ठेवला.

गुरुवार हा तिघांचा गोडाचा वार. डॉक्टर, सिस्टर आणि बुवा. डॉक्टर दातांचे. जन्मभर लोकांना गोड खाऊ नका म्हणून सांगितलं आणि निवृत्त झाल्यावर सगळी कसर भरून काढायला घेतली. सिस्टर बुवांच्या दिवंगत पत्नीची मैत्रीण, इस्पितळात वॉर्ड सांभाळलेली, त्यामुळे कॅफेतले वेटरही तिच्यासमोर सरळ उभे राहत. दर आठवड्याला नवी जागा, एक बशी, तीन चमचे. मग निकाल. डॉक्टरांचा निकाल ठरलेला: "वा, वा!" सिस्टरचा बहुतेक वेळा: "फसलंय." आणि बुवांचा कायम: "बरं आहे."

त्या दिवशी खिडकीजवळच्या टेबलावर चीजकेक आला. बुवांचा चमचा हवेतच राहिला.

"भावोजी, काय झालं?" सिस्टर म्हणाली. "नाडी बघू का?"

बुवांनी सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता डॉक्टर अर्धा केक संपवून बसले.

"तीन महिने! अरे वेलांटी, मी दात उपटायला एवढा वेळ लावला असता तर पेशंटनेच माझे उपटले असते. फोन कर आत्ताच्या आत्ता."

"फोनवर माझ्या तोंडून 'बरं आहे'च निघेल."

"मग आज ते दोन शब्द बंद," सिस्टर म्हणाली. "आज तीन ठिकाणी खायचं. प्रत्येक ठिकाणी भावोजींनी पूर्ण वाक्य बोलायचं. नाही बोललात तर आत जाऊन आचाऱ्याला स्वतःच्या तोंडाने सांगायचं."

बुवा घाबरले. अनोळखी माणसाला वेळ विचारायची झाली तरी ते मनात दोनदा घोकत. त्यांनी चीजकेकचा घास घेतला.

"हा गोड आहे," ते म्हणाले.

"साखर घातलीय, गोड असणारच! चालणार नाही."

"मऊ आहे आणि... आंबट कमी आहे."

"हं. पास. काठावर."

दुसरं दुकान पलीकडच्या रस्त्याला, नुकतंच उघडलेलं. भिंतींच्या रंगाचा वास अजून येत होता. चॉकलेटचा गोळा आला, त्यावर सोनेरी वर्ख आणि बशीभर रेघोट्या. डॉक्टर म्हणाले, "वा, वा!" बुवा बराच वेळ चघळत राहिले. शेवटी म्हणाले, "मुखपृष्ठ सुंदर आहे. आतली पानं कोरी."

सिस्टर एवढ्या जोरात हसली की शेजारच्या टेबलावरचं बाळ रडायला लागलं.

"बघा! जीभ आहे यांना. इतकी वर्षं म्यानात घातली होती."

तिसरी जागा जुनी, स्वच्छ, पांढऱ्या मेजपोशांची. तिथे कॅरमल कस्टर्ड मागवलं. ते काचेसारखं गुळगुळीत होतं, चमच्याने कापलं तरी कड फाटली नाही. सिस्टरलाही फसलंय म्हणता येईना. बुवांनी एक घास घेतला, मग दुसरा.

"यात एकही चूक नाही," ते हळूच म्हणाले.

"हे झालं वाक्य!" डॉक्टर म्हणाले.

बाहेर पडल्यावर कोपऱ्यावर सिग्नल लागला. सिस्टरने उलट तपासणी करावी तसं विचारलं, "भावोजी, आत्ता खाल्लं त्याची चव सांगा."

बुवांनी जीभ टाळूला लावून पाहिली. चव गेली होती. जिभेवर नुसता गोडवा होता, कुणाचाही असू शकेल असा.

"आठवत नाही," ते म्हणाले. "निर्दोष होतं, एवढंच आठवतं."

"आणि भाचीचा तो टार्ट? तीन महिने झाले त्याला."

सिग्नल हिरवा झाला, माणसं दोन्ही बाजूंनी पुढे गेली, बुवा तिथेच उभे.

"पहिल्या घासाला वाटलं, पोरीने करपवलंय. दुसऱ्याला वाटलं, थांब, कडू आहे पण करपलेलं नाही. ते आतल्या लिंबापाशी जाऊन टेकत होतं. तिसऱ्या घासानंतर मी खोक्याचा कागदसुद्धा चमच्याने खरवडला, उभ्या उभ्या, ओट्यापाशी. अजून दुपारी कधीतरी आठवण येते. जिभेच्या मागच्या बाजूला."

"मग घोडं अडलं कुठे?" डॉक्टर म्हणाले.

"मी तीच ओळ खोडलीय ना! आवडलं, पण डोळ्यांना चूक वाटली म्हणून पेन चाललं. जन्मभराची खोड. आता पान खराब झालं. पोरीला कुठल्या तोंडाने पाठवू?"

"छापखान्यात चुकून बरोबर शब्द खोडला तर काय करत होतात?" सिस्टरने विचारलं. "की तुमची कधी चूकच झाली नाही?"

बुवा घराच्या दिशेने वळले. मग झपाझप चालायला लागले. सिस्टरलाही मागे धावावं लागलं.

घरी येऊन त्यांनी कोश उघडला. पान टेबलावर सपाट केलं. खोडलेल्या ओळीखाली डावीकडून उजवीकडे लाल टिंबांची रांग घातली, धान्य पेरावं तशी. समासात लिहिलं: 'राहू द्या.' खोडलेलं परत ठेवायची मुद्रितशोधकाची खूण होती ती, भाचीला ती वाचता येत होती. तेवढ्यावर पाकीट बंद करता आलं असतं. पण बुवांनी पेन पुन्हा टेकवलं आणि खाली, आजवर कुणाच्या मुद्रितावर लिहिलं नव्हतं असं, स्वतःचं वाक्य लिहिलं: 'कडू चव ठेव. टार्ट खाल्ला त्या दिवशी मला नीट कळला नाही, पण तीन महिने विसरलोही नाही. उशिराबद्दल मामाला रागव.'

टपालपेटीपर्यंत दोघंही सोबत आले. संध्याकाळची टपालगाडी यायची होती; तिने गेलं तर पत्र शनिवारी, मेनूकार्ड छापायच्या आधी पोचणार होतं. बुवांनी पाकिटावरचा पत्ता वाचला. पुन्हा वाचला. मग उजेडात धरून वाचला.

"'बरं आहे' असं तर नाही ना लिहिलंत?" सिस्टरने संशयाने विचारलं.

"नाही हो."

"मग टाका."

पाकीट आत पडलं. तळाशी इतर पत्रं असावीत, कारण आवाज मऊ आला. बुवांनी पेटीच्या फटीत डोळा लावला.

"अरे देवा," ते म्हणाले, "घाईत 'कडू'तला उकार ऱ्हस्व काढला की काय मी!"

"राहू दे रे," डॉक्टर म्हणाले.