पातेल्याचा तळ

माझी ताई लेखिका आहे आणि मी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आचारी. म्हणजे चारशे माणसांचं पोट रोज मी भरतो आणि स्वयंपाकावर कादंबरी ती लिहिते.

आई जाऊन दोन वर्षं झाली. ताईने तिच्यावर तीनशे पानं लिहिली. त्यातली आई बटाट्याचं सूप करते तेव्हा अख्खी गल्ली खिडक्या उघडते. आमच्या आईने सूप केलं की गल्ली खिडक्या लावून घ्यायची. ती शिवणकाम करायची. पातेलं गॅसवर चढवून "एवढी एक शिवण मारते" म्हणत मशीनवर बसायची, आणि शिवण संपेपर्यंत सूप करपलेलं असायचं. मग वाढताना आम्हालाच दटावायची, "खालचं ढवळू नका, वरवरचं घ्या."

कादंबरीतली मुलगी आईच्या आठवणीने सूप ढवळताना रडते, आसवं थेट सुपात पडतात आणि ते पिऊन शेजाऱ्याचा संसार सावरतो. माझ्या कॅन्टीनमध्ये कुणी असं रडलं असतं तर हाताला धरून बाहेर काढलं असतं. आणि खुद्द ताई? आई गेली तेव्हा हिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. हॉस्पिटलचे कागद, नातेवाइकांचा चहा, सगळं चोख केलं.

माझा खरा राग वेगळाच होता. तिने माझी आई बदलून टाकली होती आणि लोक त्या भलत्याच बाईसाठी हळहळत होते. खरी आई आता आम्हा दोघांतच उरली होती, त्यातली एक फितूर झाली. चाळिसाव्या पानावर मी पुस्तक मिटलं.

"वाचलंस का?" ताईने फोन केला.

"वाचतोय."

"तीन महिने? अरे, आवडतंय का एवढं तरी सांग!"

"सुपात गाजर कशाला घातलंस? आई कधी घालायची?"

"कादंबरी आहे रे ती!" मग म्हणाली, "दुसऱ्या आवृत्तीचा समारंभ आहे. प्रकाशकांना तेच सूप हवंय. तू करशील?"

रक्ताचं नातं. गाजरं घेऊन गेलो.

सभागृहामागच्या स्वयंपाकघरात मी पातेलं चढवलं. बाहेर एक समीक्षक बोलत होते. त्यांचं आटपेना. वेळ जावा म्हणून तिथल्याच गठ्ठ्यातलं ताईचं पुस्तक उघडलं, आणि मध्येच कुठेतरी हे दिसलं:

'सगळ्यांना वाढून झालं की आई तळ खरवडून स्वतःच्या वाटीत घ्यायची. मला तळाचंच आवडतं, म्हणायची. पुष्कळ वर्षं मला ते खरं वाटलं.'

हे मात्र खोटं नव्हतं. इतकी वर्षं आईच्या समोर बसून जेवलो, करपलेल्या सुपाची टिंगल केली, पण तिच्या वाटीत काय असतं ते कधी पाहिलं नाही. ताईने पाहिलं होतं. मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना वास आला.

वीस वर्षांच्या नोकरीत माझं पातेलं पहिल्यांदा करपलं.

दुसरं करायला वेळ नव्हता. वरवरचं घेऊन वाट्या भरल्या आणि बाहेर पाठवल्या. समीक्षकांनी डोळे मिटून घोट घेतला. "धुराची ही छटा!" ते म्हणाले. "लेखिकेने आज आपल्याला शोक चाखायला दिला." टाळ्या पडल्या. एका बाईंनी कृती मागितली.

ताई वाटी घेऊन तडक आत आली. आता ही मला झाडणार, असं वाटलं.

"काय करत होतास?"

"वाचत होतो. तळाचं पान."

मी पातेल्यात डाव घातला तशी ती पटकन म्हणाली, "खालचं ढवळू नकोस." माझ्या हातून डाव घेतला, मला वरवरचं वाढलं आणि तळ खरवडून आपल्या वाटीत घेतला.

"अर्धं मला दे," मी म्हणालो.

तिने दिलं. आम्ही ओट्याला टेकून खाल्लं.

"कडू आहे रे," ती म्हणाली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा रडली. बाहेर माइकवर तिचं नाव पुकारत होते. मी दाराला कडी घातली. तिची आसवं थेट वाटीत पडत होती. मी तिला काही बोललो नाही.