टकटकसाहेबांचा कान

करवत थांबली आणि पॅनलचे दोन तुकडे टेबलावर वेगळे झाले, तरी पुढे व्हायला कुणी तयार होईना. सगळे टकटकसाहेबांसाठी थांबले होते. दोष त्यांनी ओळखला होता, तेव्हा तो बघण्याचा पहिला मानही त्यांचाच.

टकटकसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, भिंग डोळ्याला लावलं आणि कापलेली कड या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग उलट पाहत आले. थराला थर घट्ट चिकटलेला होता. फट नाही, बुडबुडा नाही, काही नाही. नव्या विमानाच्या शेपटीसाठी महिनोन्महिने खपून बनवलेलं पॅनल त्यांच्या एका शब्दावर कापलं गेलं होतं आणि ते बावनकशी निघालं होतं.

"जरा डावीकडे असेल," कुणीतरी म्हणालं. डावीकडे कापलं. तिथेही काही नव्हतं.

मोठे साहेब, म्हणजे या सगळ्या विभागाचे प्रमुख, एके काळी टकटकसाहेबांच्याच हाताखाली शिकलेले होते. त्यांनी पटकन सूर सांभाळला. "असू दे हो. चांगलं कापलं गेलं तर आपण चार दिवस हळहळतो. वाईट उडालं असतं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. चला, चहा घेऊ."

सगळे गेले. टकटकसाहेब मागे राहिले. त्यांनी खिशातून बोटाएवढी हातोडी काढली आणि आत्ताच डोळ्यांनी पाहून खात्री केलेल्या जागेवर हलकेच मारली. आवाज आला, ठप्. चांगल्या पॅनलचा आवाज असा येत नाही. तो टणक येतो, खणखणीत येतो. त्यांनी पुन्हा मारली. ठप्. सरकत सरकत सगळ्या तुकड्यावर मारली, आणि सगळीकडून तोच मेलेला आवाज आला.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असेल तेवढंच. कार्बनच्या कापडाचे थर एकमेकांवर चिकटवून, भट्टीत भाजून ही पॅनलं बनतात. आत कुठे थर सुटला तर वरून काही म्हणजे काही दिसत नाही. आवाज मात्र बदलतो. तपासायला ध्वनिलहरींचं मशीन असतंच. पण तरुणपणी, क्षेपणास्त्राच्या नाकाचं टोपण तपासताना, मशीनने पास केलेला भाग त्यांनी हातोडी मारून अडवला होता. वरिष्ठ भडकले, कापून बघितलं, आणि आत नखाएवढी जागा सुटलेली निघाली. त्या दिवसापासून रीतच पडली. मशीनचा अहवाल आला तरी टकटकसाहेब वाजवून 'बोलतंय' म्हणेपर्यंत काही पुढे सरकायचं नाही. आणि ते 'मुकं आहे' म्हणाले, की मशीनने कितीही शपथेवर सांगितलं तरी कापायचं.

क्षेपणास्त्रांवरून ते अवकाशयानांकडे गेले, तिथे सौरपंखांची पॅनलं वाजवत केस पांढरे झाले, आणि शेवटी विमानांकडे आले. तिन्हींतला फरक ते आपल्या पद्धतीने सांगत. क्षेपणास्त्र गेलं की गेलं, ते परत यावं अशी कुणाची इच्छाही नसते. यान जातं ते सासरी गेल्यासारखं, अधूनमधून खुशाली कळवतं. विमान मात्र गेलं तसं घरी आलं पाहिजे, कारण आत माणूस असतो. निवृत्तीचं वय उलटून गेल्यावरही त्यांना मुदतवाढ मिळत राहिली, ती या कानापायीच. बाकीचं काम करणारे तिथे पुष्कळ होते.

घरी बायकोने दार उघडलं तीच तणतणत.

"किती वेळ ओरडतेय आतून, की दार उघडंच आहे म्हणून! बेल कशाला बडवताय?"

"ऐकू नाही आलं."

"ते काय आजचं आहे? कुकरची शिट्टी तुम्हाला ऐकू येत नाही. फोन वाजतो, तुम्ही शेजारी बसून पेपर वाचता. सगळ्या जगाला वाजवून बघता आणि स्वतःचा कान तेवढा दाखवायला नको!" मग चेहरा बघून तिचा आवाज उतरला. "काय झालं?"

त्यांनी पॅनलचं सांगितलं. बायको या नोकरीबरोबर इतकी वर्षं नांदली होती की तिला फोड करून सांगायची गरज नव्हती. हा माणूस भांड्यांच्या दुकानात पातेली वाजवायचा, नव्या घराच्या फरशा वाजवायचा. लग्नाआधी मला वाजवून बघितलं नाहीत हेच नशीब, हा तिचा ठरलेला विनोद होता. आज तिने तो केला नाही. "उद्या डॉक्टरकडे जायचं," एवढंच म्हणाली.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा, कितीही बारीक आला तरी दाबा. आधी जाड आवाज आले, त्यांनी दाबलं. मग थोडे बारीक आले, त्यांनी दाबलं. मग बराच वेळ काही येईना. तार निघाली असेल असं त्यांना वाटलं. काचेपलीकडे बाई मान खाली घालून काही तरी फिरवत होत्या. दुरुस्ती चालली असेल, म्हणून ते बटणावर अंगठा ठेवून शहाण्या मुलासारखे वाट बघत बसले. दार उघडलं.

"झालं," बाई म्हणाल्या.

"अहो, पण मधे बंद पडलं होतं ना?"

"नाही. चालूच होतं."

उंच आवाज गेले आहेत, जाड शाबूत आहेत, असं बाईंनी सांगितलं. वय आहेच, शिवाय इतकी वर्षं भाग थरथरवून तपासणाऱ्या टेबलांपाशी उभं राहणं. कानात यंत्र लावलं की बोलणं बरंच सुधारेल. हातोडीचा आवाज? बाई म्हणाल्या, "ऐकू येईल. पण तो यंत्राने त्याच्या परीने घडवून दिलेला असेल. त्यावर मी तरी पैज लावणार नाही."

परत येताना बायको म्हणाली, "सांगून टाका ऑफिसात."

"मग तिथे माझं काम काय उरलं?"

"काही नाही उरलं तर घरी या. वर्षभर ओरडून बोलतेय मी, माझं काही अडलं?"

थोडं चालल्यावर तीच पुन्हा म्हणाली, "तो विमान घेऊन वर जाणारा. त्याच्याही घरी कुणी असेल की."

टकटकसाहेबांनी मोठ्या साहेबांना सांगितलं. मोठ्या साहेबांनी आधी उठून दार लावलं.

"सर, जोडीला बनवून ठेवलेलं दुसरं पॅनल शेपटीला लागलंय. मशीनने दोनदा पास केलंय. काळजीचं काहीच नाही. तुम्ही नेहमीसारखं वाजवा आणि 'बोलतंय' म्हणा. लोकांना धीर येतो. उड्डाण पार पडू दे, मग मी स्वतः मानाने निरोप देतो तुम्हाला. हे आपल्या दोघांतच राहील."

मोठ्या साहेबांच्या मनात काडीची खोट नव्हती, आणि म्हणूनच नाही म्हणणं जिवावर आलं. माणसाला इतक्या वर्षांच्या कामावर असं पाणी सोडावंसं वाटत नाही, मग तो कितीही सरळ असो. टकटकसाहेब 'बघू' म्हणून उठले.

दुसऱ्या दिवशी हँगरमध्ये ते शिडीवर चढले तेव्हा खाली सगळा विभाग जमला होता. वैमानिकही आला होता. शेपटी वाजवताना तो नेहमी येत असे. मला मशीनचं काही कळत नाही, पण टकटकसाहेबांचा चेहरा वाचता येतो, असं तो म्हणायचा.

त्यांनी हातोडी मारली. ठप्. पुन्हा मारली, ठप्. शब्द अगदी ओठांवर आला. म्हटला असता तर कुणाला कळलंही नसतं, आणि पॅनल तर चांगलंच होतं.

"काय म्हणतंय, साहेब?" वैमानिकाने खालून विचारलं.

"मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"मला ऐकू येत नाही," ते मोठ्याने म्हणाले. बहिरी माणसं बोलतात तसं, जरा जास्तच मोठ्याने. "मागचं पॅनल चांगलं होतं. कान खराब झालाय, माझा."

मोठे साहेब जमिनीकडे बघू लागले. वैमानिकाचा चेहरा थोडा बदलला, पण तो चिडला नाही. "मग आता?"

"मशीनने पास केलंय, ते पुरेसं आहे. पण वाजवायचंच असेल तर ही वाजवेल."

ही म्हणजे धाकटी. विभागात आली तेव्हा सगळ्यांत लहान होती म्हणून धाकटी. आता तिच्याही केसांत रुपेरी तारा दिसत होत्या, तरी नाव तेच राहिलं होतं. सगळी नोकरी तिने टकटकसाहेबांच्या शेजारी उभं राहून काढली होती.

"मी? सर, मी नाही—"

"चढ वर."

ते उतरले, ती चढली. तिने वाजवायला सुरुवात केली. कोपऱ्यापाशी तिचा हात थांबला आणि तिने सवयीने वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नकोस. इथे काही मिळणार नाही आता. पुन्हा वाजव."

तिने पुन्हा वाजवलं. मग सगळी शेपटी पहिल्यापासून वाजवली, आणि खाली न बघताच म्हणाली, "बोलतंय."

"नक्की?" वैमानिकाने विचारलं.

"नक्की."

वैमानिक शिडीपाशी गेला आणि तिला आणखी काही विचारू लागला. त्याची पाठ टकटकसाहेबांकडे होती. ते बाहेर निघाले तेव्हा लोकांनी गरजेपेक्षा जास्त वाट करून दिली.

उड्डाणाच्या सकाळी ते कानात नवं यंत्र लावून बाकीच्यांबरोबर धावपट्टीच्या कडेला उभे राहिले. इंजिनाचा आवाज पोटापर्यंत आला. जाड आवाजांची काही तक्रार नव्हती. विमान धावलं आणि उचललं गेलं. दर वेळी या क्षणी त्यांच्या तोंडाला कोरड पडायची आणि उतरेपर्यंत पाण्याचा घोट घशाखाली जात नसे. आज ते कोरड पडायची वाट बघत राहिले, आणि ती काही पडली नाही. उलट त्यांना भूक लागली होती. त्या भुकेचं त्यांना इतकं वाईट वाटलं की क्षणभर डोळे भरून आले.

धाकटी सगळ्यांपासून लांब, धावपट्टीकडे पाठ करून उभी होती. ते तिच्याकडे गेले.

"इकडे वळ. आपण वाजवलंय, तर आपणच बघायचं असतं."

"नाही बघवत, सर. हात गार पडलेत."

"पडतात. मी कधी सांगितलं नाही तुला."

ती वळली. तिचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून ते तिच्यासमोर, धावपट्टीकडे पाठ करून उभे राहिले.

"तुम्हालाही व्हायचं?"

"दर वेळी."

"मग कमी कधी झालं?"

"आज."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सर, तुम्ही बोलत राहा. काहीही बोला."

म्हणून ते बोलत राहिले. कानातल्या यंत्राबद्दल सांगितलं, ते लावलं की स्वतःचं चावणंच केवढं मोठं ऐकू येतं ते. बायको आता हळू बोलते आणि त्यामुळे घरात भांडायची मजाच गेली ते. धाकटीचं लक्ष नव्हतं. तिची नजर त्यांच्या डोक्यावरून आकाशात फिरत होती, आणि ते तिच्या नजरेवर नजर ठेवून होते. ती नजर हळूहळू खाली येऊ लागली. डावीकडून आली, झाडांच्या शेंड्यांवर आली, आणखी खाली आली. तिने त्यांची बाही घट्ट धरली. ते बोलायचे थांबले नाहीत. मग तिचा चेहरा एकदम सैल झाला, ओठ हलले, काय म्हणाली ते गोंगाटात कळलं नाही. विमान टेकलं होतं. टकटकसाहेबांनी मागे वळून पाहिलं नाही.