पाठीवरचा रंग

कौसाबाईंनी पातेलं उचललं आणि सगळं रक्त मोरीत ओतलं.

गुलाबाचं सरबत, कोको पावडर आणि जिलेबीचा रंग सकाळभर ढवळून अभिजीतने ते घट्ट केलं होतं. मोरीच्या जाळीवर ते क्षणभर थबकलं आणि गुळगुळ करत खाली गेलं. कौसाबाईंनी वरून तांब्याभर पाणी टाकलं.

"आज्जी! अगं दोन बाटल्या सरबत होतं ते!"

"सरबत होतं तर प्यायचं. देवळात नेऊन अंगाला कशाला फासायचं?"

अभिजीत कपाळावर हात मारून जमिनीवरच बसला. अंबरनाथच्या त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, संध्याकाळी नाटक व्हायचं आणि यंदा ख्रिस्त तो होता. दोन महिने त्याने दाढी राखली होती. उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात तो पडद्यांच्या दुकानात कामाला होता. दुकानाचे मालक मुकेशशेठ रोज सकाळी त्याला म्हणायचे, "आओ प्रभू, खिडकी का माप ले आओ." तो तेही हसून घ्यायचा. पण फटक्यांचा प्रवेश सिनेमातल्यासारखा झाला पाहिजे, यावर तो अडून बसला होता.

तो सिनेमा त्याने रविवारी आजीला फोनवर दाखवला होता. बाहेरदेशीचा, हिंदीत बोलणारा. वीस मिनिटं नुसता चाबूक. कौसाबाईंनी चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिला आणि फोन परत देत म्हणाल्या, "एवढं रक्त बोकडात पण नसतं रे."

आज मंगळवार, तरी तो विषय संपला नव्हता.

"लोक रडले पाहिजेत, आज्जी. गेल्या वर्षी पुढच्या रांगेत पॉपकॉर्न खात होते. तिकडे ख्रिस्त मरतोय आणि इकडे पॉपकॉर्न!"

"म्हणून खोटं दाखवायचं? संजू, शास्त्र आण. चारही शुभवर्तमानांतलं फटक्यांचं वाच ह्याला."

संजीवनी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. ही कौसाबाईंची धाकटी लेक. चार वर्षांपूर्वी बदलापूरला, कुळगावात दिली होती. काल सोमवारी, ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या आठवड्यासाठी म्हणून ती माहेरी आली होती. तिने शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं आणि दारातच उभी राहून एकेक जागा काढून वाचली. वाचायला फार वेळ लागला नाही. कौसाबाई स्वतः तिसरीतून उठल्या होत्या, पण ऐकून ऐकून सगळं शास्त्र त्यांच्या कानात होतं. त्यांनी बोटं मोजली.

"बघ. एकाने अर्धी ओळ लिहिली. दुसऱ्याने अर्धी. तिसऱ्यात तर रोमन सुभेदार नुसता म्हणतो, फटके मारून सोडून देतो. मारले का नाही, तेही धड नाही. चौथ्याने पुन्हा अर्धी. देवाच्या लेकाचं मरण लिहायला बसलेली माणसं ती. त्यांना चाबकाला अर्धी ओळ पुरली, आणि तुझ्या सिनेमावाल्याला वीस मिनिटं? तो होता का तिथं उभा?"

"अगं, तेव्हाच्या लोकांना फटका म्हणजे काय ते माहीत होतं. लिहायची गरजच नव्हती. आपल्याला कुठे माहितीये?"

"मला नको शिकवू. ज्याचं दुखणं खरं, तो थोडक्यात बोलतो. जो फुगवून सांगतो, त्याचं दुखणं तेवढं नसतंच. तुझ्या आजोबांबरोबर बत्तीस वर्षं काढली मी. कोणाच्या कानावर एक ओळ तरी आली का?"

संजीवनीने शास्त्र मिटलं. मिटलेल्या पुस्तकावरून बोट फिरवत ती म्हणाली,

"ज्यांनी पाहिलं त्यांना तेवढंच लिहवलं असेल, आई."

"घे. तू पण त्याचीच बाजू घे."

अभिजीतला जोर चढला. "आत्या, तू बघच आता." त्याने पिशवीतून एक पट्टा काढला. दुकानाशेजारच्या जीन्सच्या कारखान्यातून आणलेला, जाड, पितळी बकलाचा. त्याने तो डोक्यावर फिरवला आणि सट्कन फरशीवर हाणला.

संजीवनीच्या हातून शास्त्र खाली पडलं.

"शास्त्र पाडलंस!" कौसाबाई कडाडल्या. "चाळिशीला टेकलीस आणि हातात काही राहत नाही तुझ्या."

संजीवनीला अजून बत्तीसही पुरी नव्हती. तिने शास्त्र उचललं, ओढणीने पुसलं, फळीवर ठेवलं आणि आत गेली. थोड्या वेळाने कौसाबाई पाणी प्यायला आत गेल्या, तर गॅस पेटलेला होता आणि त्यावर काहीच ठेवलेलं नव्हतं.

आदल्या संध्याकाळी मेथी निवडताना संजीवनी त्यांना एक गोष्ट म्हणाली होती. "आई, ते मारतात." एवढंच. पुढचं वाक्य यायच्या आत कौसाबाईंनी मेथीची जुडी तिच्याकडे सरकवली होती. "भांड्याला भांडं लागतंच. उगीच वाढवून सांगू नये, संजू."

जावई महेंद्र हा कौसाबाईंचा अभिमान होता. कंपनीत कायम, बोलायला मऊ. त्यांच्या मोतीबिंदूच्या वेळी त्याने तीन दिवस रजा काढली होती, स्वतःच्या हाताने डोळ्यांत औषध घातलं होतं. महिला मंडळाच्या प्रत्येक बैठकीत कौसाबाई ते औषध नव्याने घालून घेत. बायका मनातून जळत. जळाव्यातच, म्हणून तर सांगायचं. तो शुक्रवारी नाटकाला येणार होता आणि रविवारी, पुनरुत्थानाची उपासना झाली की संजीवनीला घेऊन जाणार होता. ठरलं होतं तसं.

बुधवारी दुपारी कौसाबाई मशीनवर बसल्या. ख्रिस्ताचा झगा मांजरपाटाचा, पाठीमागे वीतभर उघडा, नाडीने बांधायचा. अभिजीत दुकानात, त्याचे आईवडील कामावर. उंची बघायला माणूस हवं होतं.

"संजू, उभी राहा जरा. तू आणि तो सारखेच. अंगावरून चढव."

संजीवनीने कुर्त्यावरून झगा घातला. कौसाबाईंनी खाली बसून घोळ दुमडला, खांद्यांना आणि कडेला टाचण्या लावल्या, मागे सरकून डोळे बारीक करून पाहिलं.

"ठीक. आता सांभाळून काढ. वरून ओढते मी."

"नको, मी काढते."

"टाचण्या निघतील. हात वर कर."

त्यांनी झगा खालून धरला आणि एका झटक्यात वर ओढला. टाचण्या कुर्त्यात अडकल्या होत्या. झग्याबरोबर कुर्ताही वर गेला. संजीवनीचं डोकं आत अडकलं, दोन्ही हात वर, तोंडावर मांजरपाट. आणि तिची उघडी पाठ कौसाबाईंच्या समोर आली.

तिच्यावर लाल काहीच नव्हतं.

डाव्या खांद्याच्या हाडाखाली एक चौकोन होता. जांभळा, एका बाजूला उघडा, मध्ये बारीक दांडी. तिथून एक रुंद पट्टा तिरका कमरेपर्यंत उतरला होता. मध्ये निळा, कडांना हिरवट, आणि हिरव्याच्या पलीकडे हळद सांडल्यासारखा पिवळा. त्याच्याखाली आणखी एक, जुना. चामडीत मुरत चाललेला, बघायचंच म्हटलं तर दिसेल एवढाच.

कापडाच्या आतून संजीवनीचा आवाज आला.

"आई, सोड ना. गुदमरतंय."

कौसाबाईंनी एकेक टाचणी काढली. कुर्ता खाली ओढला. झगा बाजूला केला. संजीवनीने केस सारखे केले आणि आईच्या तोंडाकडे न बघता टाचण्या गोळा करून डबीत भरू लागली.

"कधी?" कौसाबाईंनी विचारलं.

"गेल्या रविवारी, झावळ्यांच्या. उपासनेहून आल्यावर."

"आणि खालचा?"

संजीवनीने डबीचं झाकण लावलं.

"वाढवून सांगू नये म्हणालीस ना."

कौसाबाई मशीनवर जाऊन बसल्या. पायाने चाक फिरवलं. बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आलं की सुईत दोराच नाही. त्यांनी दोरा ओवायला घेतला. एकदा, दोनदा, तीनदा. ज्या डोळ्यांत जावयाने औषध घातलं होतं, त्या डोळ्यांना सुईचं भोक दिसेना.

त्या दिवशी त्या कोणालाच टाकून बोलल्या नाहीत. रात्री जेवताना अभिजीत म्हणालासुद्धा, "आज्जी, तब्येत बरी आहे ना?"

"चाबूक पडद्याआड ठेव," कौसाबाई म्हणाल्या. "बाहेर आवाज नको, ओरडणं नको. शास्त्रातली तेवढी ओळ वाचायची आणि तू बाहेर यायचं. पाठ लोकांकडे करून. पाठ मी रंगवीन."

"तू? खरंच?"

"जेव."

शुक्रवारी बारा ते तीन उपासना झाली. वधस्तंभावरचे सात उद्गार, सात माणसं, कोणी अर्ध्या तासाच्या आत आवरलं नाही म्हणून तीनचे साडेतीन झाले. मग शब्बाथशाळेच्या, मुलांच्या रविवारच्या वर्गाच्या, खोलीत अभिजीत उघड्या अंगाने स्टुलावर बसला. त्याने लाल रंगाची नवी बाटली आणली होती. कौसाबाईंनी ती खिडकीत ठेवून दिली आणि पिशवीतून तीन वाट्या काढल्या. हळद, कपड्यांची नीळ, काजळ. वर थोडं खोबरेल.

संजीवनी दाराशी उभी होती. कौसाबाईंनी बोट हळदीत बुडवलं, पण पाठीला लावलं नाही.

"तसंच काढू का गं?"

संजीवनी आईकडे बघत राहिली. बाहेर कोणीतरी माइक ठोकून बघत होतं. मग तिने दार लोटलं, कडी घातली, पुढे आली आणि हळदीची वाटी आपल्या हातात धरली.

कौसाबाईंनी आधी चौकोन काढला.

"आज्जी, हे काय, बकल? रोमन लोकांकडे बकल होतं?"

"होतं. हलू नको."

"आणि हिरवं कशाला गं? फटके आत्ताच मारलेत ना? लाल पाहिजे."

"तिसऱ्या दिवशी कडेने हिरवं पडतं. मग पिवळं."

"आई," संजीवनी हळूच म्हणाली, "माझी पाठ तू बुधवारी दोन मिनिटं बघितलीस. कितव्या दिवशी कुठला रंग येतो, ते तुला कसं ठाऊक?"

कौसाबाईंचं बोट थांबलं.

"वाटी सरळ धर," त्या म्हणाल्या. "सांडशील."

अभिजीतने मान वळवून एकदा आत्याकडे पाहिलं, एकदा आजीकडे. मग तो समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसला.

पाचच्या सुमाराला महेंद्र आला. पांढराशुभ्र शर्ट, हातात द्राक्षांची पिशवी. "सलाम, आई," म्हणून त्याने वाकून हात जोडले. कौसाबाईंनी पिशवी घेतली.

"जावईबापू, पुढं. अगदी पुढं. तुमची खुर्ची धरून ठेवलीय मी."

त्या स्वतः त्याच्या शेजारी बसल्या. नाटक सुरू झालं. सुभेदाराने हात धुतले, लोक ओरडले. मग पडदा ओढला गेला आणि माइकवर नेत्राने, मंडळीतल्या मुलीने, अर्धी ओळ वाचली. फटके मारवल्याची. ती वाचून ती गप्प झाली. आवाज नाही, चाबूक नाही. मागून एक पोर म्हणालं, "झालं? बस एवढंच?"

पडदा बाजूला झाला. अभिजीत पाठमोरा उभा होता. मोठ्या बल्बच्या उजेडात झग्याच्या फटीतून त्याची पाठ दिसत होती. निळी, हिरवी, पिवळी, खांद्याखाली तो चौकोन. तो वधस्तंभाचा खांब उचलायला वाकला, तसा तिरका पट्टा ताणला गेला.

"रक्त विसरले वाटतं," मागे कोणी बाई कुजबुजली.

कौसाबाईंनी नाटकाकडे पाहिलंच नाही. त्या शेजारच्या खुर्चीकडे बघत होत्या. महेंद्र आधी आरामात टेकून बसला होता. मग तो पुढे झुकला. मग त्याचा उजवा हात मांडीवरून उठला, कमरेशी गेला आणि पट्ट्याच्या बकलावर पडून राहिला. झाकल्यासारखा. खांब टेकडीवर पोचेपर्यंत तो हात तिथून हलला नाही.

पलीकडच्या भिंतीशी संजीवनी उभी होती. ती पण नाटकाकडे बघत नव्हती.

शेवटची प्रार्थना झाली. लोक डोळे पुसत उठले. पॉपकॉर्न या वर्षी कोणी आणलेच नव्हते की खाल्ले नाहीत, देव जाणे. महेंद्रने घसा साफ केला.

"चांगलं झालं हो नाटक. मग आई, परवा... रविवारी येतो मी. संजूला—"

कौसाबाईंनी खुर्चीखालून द्राक्षांची पिशवी काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"ही घेऊन जा, जावईबापू."

"अहो, तुमच्यासाठी आणली."

"माहीत आहे. गोड दिसतात," त्या म्हणाल्या. चारचौघांत बोलतात तशाच, सगळ्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "पण आम्ही इथं पुष्कळ जण आहोत, पुरायची नाहीत. तुम्हाला घरी एकट्याला पुरतील."