ज्योतीवरचा गारवा

तुमच्या घरातला फ्रिज एका कोपऱ्यात उभा राहून जन्म काढतो. मी मात्र प्रवासी आहे. पलंग, ओटा आणि पंखा असलेल्या एका गाडीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, माझा संसार आहे.

माझे घरगुती भाऊबंद दिवसभर गुरगुरतात. मी गप्प असतो, कारण माझ्यात कॉम्प्रेसर नाही. वीज मिळाली तर मी विजेवर चालतो आणि गाडी धावत असली तर तिच्या बॅटरीवर. गाडी उभी असताना माझ्या पाठीमागे गॅसची एक लहानशी निळी ज्योत जळते, आणि तिच्या उष्णतेवर मी गार होतो. आगीने गारवा मिळतो हे ऐकून माणसं हसतात. हसता हसता ती आग विसरतात, म्हणून मला बोलणं भाग आहे.

जन्म माझा परदेशातला. एका जोडप्याच्या गाडीत बसून मी बरेच देश पाहिले, म्हणजे त्या देशांतली भाजी पाहिली. नाशिकला आल्यावर त्यांच्या गाडीचं इंजिन बसलं. गाडी भंगारात गेली, ते दोघं विमानाने गेले आणि मी अंबडच्या एका गॅरेजात राहिलो. तिथे माझ्यात नटबोल्ट आणि ग्रीसचे डबे ठेवत. ते नासत नाहीत, त्यामुळे माझ्यावर कुणी रागावलंही नाही.

तिथून मला जयराम पगारे यांनी उचललं. ते अंबडच्याच एका कारखान्यातले निवृत्त फिटर. निवृत्त झालेला माणूस सहसा बायकोच्या स्वयंपाकात सुधारणा सुचवू लागतो. यांनी जुनी मिनीबस घेऊन तिचं घर केलं, आणि ते लताबाईंसाठी केलं. लताबाईंना रोज इन्सुलिन लागतं. त्यांची लेक तृप्ती हरसूलच्या पुढे डोंगरातल्या एका शाळेत शिक्षिका आहे. तिथली वीज लहरी, म्हणून लताबाई लेकीकडे कधी मुक्कामाला गेल्याच नव्हत्या. औषध खराब झालं तर काय, या एका धास्तीने जयरामनी त्यांना जाऊ दिलं नव्हतं.

मला बसवताना त्यांनी कसूर केली नाही. बाहेरच्या पत्र्याला भोकं पाडून जाळ्या बसवल्या, जळका वायू बाहेर जावा आणि आत माणसं झोपतात तिथे येऊ नये म्हणून. लताबाईंनी माझ्यासाठी फुलाफुलांचं कव्हर शिवलं होतं. ते जयरामनी अडवलं.

"अगं, हा काय नवरदेव आहे? याला मोकळी हवा पाहिजे."

"धूळ बसेल ना."

"बसू दे. आणि एक लक्षात ठेव, चाकं फिरायच्या आत गॅस बंद. मी विसरलो तर तू बंद कर. ही बघ चावी."

माझ्या आत, तळाच्या कोपऱ्यात, काचेचा एक बारीक डोळा आहे. त्यातून ज्योत दिसते. तोही त्यांनी लताबाईंना दाखवला. मला वाटलं, अखेर शहाण्या हातांत पडलो.

मे महिन्यात आम्ही निघालो. रस्ताभर मी बॅटरीवर होतो. हरसूलला आठवड्याचा बाजार होता. गाडी सावलीत लावून जयरामनी ओट्यावर पाण्याची वाटी ठेवली आणि चाकाखाली फळी सरकवून पाणी समपातळीत आणलं. गाडी कलती असली की माझं काम बिघडतं. मग त्यांनी ज्योत लावली. इथवर सगळं बिनचूक होतं.

एवढ्यात पुंजा आला. कारखान्यात एके काळी जयरामच्या हाताखाली होता, आता इथे भात-नागली करतो.

"जयरामभाऊ! हे तं आख्खं घरच हाय की! आन् भाडंबी नाय!"

"ये, ये. लता, पाणी दे गं."

दारात आलेल्याला आधी पाणी द्यायचं, ही माणसांची चांगली रीत आहे. पण पुंजा एकटा नव्हता. बाजारात बातमी पसरली की गाडीत बर्फासारखं पाणी मिळतंय. भाजीवाल्या चिमणाबाई आल्या, त्यांच्यामागे त्यांची सगळी ओळ आली.

"बाई, दात शिवशिवले वं! आजून घोटभर दे."

लताबाई कुणाला नाही म्हणेनात. माझं दार उघडत राहिलं. गार बाटली बाहेर, तापलेली बाटली आत. जयरामही दर पाहुण्याला माझं दार उघडून दाखवत आणि "आत आगीवर चालतो बरं का!" असं सांगत. बाहेर ऊन असं की पत्र्याला हात लावता येईना. औषधाच्या कुप्या वरच्या कप्प्यात होत्या. त्यांना घाम फुटला.

निघताना जयरामनी कुपी हातात घेतली, ती कोमट लागली आणि त्यांचा चेहरा उतरला.

बॅटरीवर मी असलेला गारवा कसाबसा टिकवतो, गेलेला परत आणत नाही. हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचा हात माझ्या चावीपर्यंत आला आणि तसाच मागे गेला.

"अहो, गॅस?" लताबाईंनी विचारलं.

"राहू दे चालू. तुझं औषध आहे ते. रस्ता रिकामाच आहे."

"तुम्हीच म्हणता ना, चाकं फिरायच्या आत..."

"तू बस गं."

प्रेमाने केलेली चूक माणसांना चूक वाटत नाही, असं माझं निरीक्षण आहे. खड्ड्यांतून ज्योत थरथरत होती. विझली असती तर बरं झालं असतं. पण मी चांगल्या बनावटीचा, विझलो नाही.

थोडं पुढे गेल्यावर डिझेलचा काटा खाली आलेला दिसला. पंप समोरच होता. जयरामनी गाडी आत घेतली.

"काका, मोबाईल बंद ठेवा," पंपावरचा माणूस म्हणाला.

जयरामनी आज्ञाधारकपणे मोबाईल बंद केला. शेजारी मोटरसायकलवाला बोलत उभा होता, त्यालाही सुनावलं, "अरे, ठेव तो फोन. आगीशी खेळ नको."

त्या मोटरसायकलची टाकी उघडी होती आणि पंपावरचा माणूस आधी तीत पेट्रोल भरत होता. टाकीमागे सीटवर त्याची लहानगी बसली होती, झालरीचा फ्रॉक घालून. माझी जाळी तिच्यापासून हातभर होती आणि जाळीमागे ज्योत जळत होती. मी ओरडू शकत नाही. गप्प राहण्याबद्दल आजवर माझी तारीफच झाली होती.

लताबाईंनी औषध पाहायला माझं दार उघडलं. तळाच्या कोपऱ्यात त्यांची नजर गेली.

"अहो! हा पेटलेलाच आहे!"

त्या थांबल्या नाहीत. चावी फिरवली. ज्योत गेली. मग दारातून वाकून म्हणाल्या, "बाळा, ते पेट्रोल बंद कर आधी. आमच्या गाडीत गॅस पेटलेला होता."

पंपावरच्या माणसाचा हात जागीच थांबला. त्याने नळी काढून लांब नेली. गाडी सुरू करायची कुणाची हिंमत होईना, म्हणून ती ढकलायची ठरली. मोटरसायकलवाल्याने मुलीला लताबाईंच्या कडेवर दिलं आणि तोही ढकलायला आला. जयराम स्टिअरिंग धरून होते. ती लहानगी लताबाईंच्या बांगड्या फिरवत होती, एक पुढे, एक मागे. जयरामना आरशात ते दिसत होतं.

रस्त्याकडेला गाडी लागल्यावर तो बाप मुलीला घेऊन निघाला. जाताना "येतो काका" म्हणाला.

तृप्ती दारात वाट पाहत उभी होती.

"बाबा, प्रवास कसा झाला?"

मी आरोपीसारखा ऐकत होतो. अशा चौकशीत बोलता न येणाऱ्यावर दोष ठेवायची पद्धत आहे. जयराम म्हणाले, "माझ्या हातून आज एक लेकरू जळालं असतं."

सगळं ऐकून तृप्ती हलकेच म्हणाली, "बाबा, औषध तेवढ्याने खराब होत नाही. कापडात गुंडाळून थर्मासमध्ये बर्फावर ठेवलं असतं, तरी पोचलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी जयरामनी पाना घेऊन माझी गॅसची नळी सोडवली आणि तिचं तोंड पक्कं बंद केलं.

"अहो, त्याची काय चूक?" लताबाई म्हणाल्या.

"त्याची नाहीच. पण ज्याची आहे, तोच उद्या गाडी चालवणार आहे ना?"

तेव्हापासून मी मुक्कामाला वीज असेल तरच गार होतो. वाटेत माझ्यात कांदे आणि भाकरीचा डबा असतो. लताबाई आता औषधाचा थर्मास मांडीवर घेऊन लेकीकडे नेमाने जातात.

तुमच्या गाडीत माझा कुणी भाऊ असेल, तर त्याची जाळी मोकळी ठेवा, त्याला सपाट जागी उभा करा आणि निघण्याआधी त्याची ज्योत विझवा. दूध नासलं तर ओतून द्या. आमचा गारवा वाट पाहू शकतो.

आज पुन्हा निघायचंय. जयराम गाडीत चढलेत. माझी ज्योत केव्हाच गेली, तरी ते आधी माझ्यापाशी येतात, गुडघ्यावर बसतात आणि त्या बारीक काचेतून आत पाहतात. आत अंधार असतो. तो नीट पाहून झाला की मगच ते गाडी सुरू करतात.