आधी वजन बघा

“मेलंय ते, आई. सोड आता नाद,” मुलगा म्हणाला.

सिस्टरनी त्याच्याकडे बघितलंही नाही. त्यांचे कान कॉम्प्युटरच्या पंख्याकडे होते. लहान मुलांच्या वॉर्डात चौतीस वर्षं नर्स म्हणून काढलेल्या बाईला मेलेलं कोणतं आणि धाप लागलेलं कोणतं, हे कुणी सांगायला नको होतं.

निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, तरी गल्लीत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. पण त्या दीड वर्षात कुणाचं त्यांच्यावाचून अडलं नव्हतं, आणि तेच त्यांना खात होतं. म्हणून वॉर्डातल्या नव्या पोरींसाठी त्या या अठरा वर्षांच्या कॉम्प्युटरवर लिहायला बसल्या होत्या. किंचाळणाऱ्या पोराला सुई कशी टोचायची, त्याच्या घाबरलेल्या आईशी काय बोलायचं. साठ पानं झाली आणि कॉम्प्युटरनं मान टाकली. मुलानं परस्पर भंगारवाल्याला फोन केला. तो चार वाजता येणार होता.

“माझ्या लॅपटॉपवर लिही की.”

“म्हणजे रोज तुझ्या तोंडाकडे बघू? नको रे बाबा.”

लिनक्स नावाची फुकट सिस्टिम जुन्या कॉम्प्युटरवर चालते, तिचे शेकडो प्रकार असतात, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. सगळ्यात गाजलेला प्रकार त्यांनी सकाळी हट्टानं मुलाकडून पेनड्राइव्हवर घालून घेतला. पडद्यावर झकास निळं चित्र आलं, पंखा घरघरला आणि माउसचा बाण जागच्या जागी थिजला. तीनदा तेच.

“अगं बाई!” सिस्टर एकदम ओरडल्या. “वजन!”

“कसलं वजन?”

“अरे, मी याचं वजनच बघितलं नाही!”

वजन न बघता लहान मुलाचा डोस काढला म्हणून त्यांनी कितीतरी पोरींना रडवलं होतं. आणि आज स्वतः तेच करून बसल्या होत्या! त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी चष्मा चढवला, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला आणि पहिल्याच काळ्या पडद्यावरचा आकडा वाचला. मेमरी एक जीबी. सकाळच्या सिस्टिमला लागत होती चार.

“बाळाला पैलवानाचा डोस दिला मी. काढ बघू ती यादी.”

मग दोघं यादी घेऊन बसले. एकीला दोन जीबी हवी होती, ती बाद. एक इतकी हलकी, की काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं.

“हे म्हणजे नुसतं सलाइन. यानं अंगात ताकद कशी येणार? पुढं चल.”

पुढची होती अँटीएक्स. अर्ध्या जीबीतही भागवणारी, चित्रं-खिडक्या सगळं असलेली.

“नावसुद्धा औषधाच्या बाटलीवर शोभेल असं आहे. हीच घाल. पण डिस्कवर चढवायची नाही हं. आधी टेस्ट डोस. पेनड्राइव्हवरूनच चालवून बघू.”

मुलगा हसला, पण त्यानं निमूट ऐकलं. पावणेचारला सिस्टरनी कळ दाबली आणि घड्याळ हातात धरलं. दीड मिनिटात पडदा उजळला. बाण सुळकन पळाला. त्यांनी डिस्क उघडली, फाइल उघडली. साठच्या साठ पानं!

“घेतला श्वास! घेतला रे!” सिस्टरनी मुलाच्या पाठीत असा धपाटा घातला, की तो कळवळला. पंखा शांत होता. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

बेल वाजली. दारात भंगारवाला.

“आता नको, दादा,” मुलगा ओशाळून म्हणाला. “चालू झाला तो.”

भंगारवाला आत डोकावला आणि बघतच राहिला. “एवढा जुना? सिस्टर, माझ्याकडे असले सहा पडलेत. हळू झाले म्हणून लोकांनी टाकलेले. माझी पोरगी कधीची मागे लागलीय, एक तरी चालू करून द्या म्हणून. बघता का जरा?”

सिस्टरनी डोळे पुसले. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्यांना असं विचारत होतं.

“आणा की. पण एकदम सहा नकोत, दोन-दोन आणा. प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी लावा. आणि माझ्याआधी कुणी काही घालायचं नाही. मी आधी वजन बघणार.”

भंगारवाला लगबगीनं हातगाडीकडे वळला. सिस्टरनी वही उघडून पट्टीनं रकाने आखायला घेतले. मुलगा येणाऱ्या कॉम्प्युटरना जागा करायला जेवणाच्या टेबलावरची भांडी उचलू लागला.